रस्त्यावरचा प्रसंग घरी येऊ नये म्हणून

डिसेंबरातली पहाट. पारोळ्याच्या अलीकडे भरिताच्या वांग्यांनी भरलेली पिकअप उभ्या ट्रकवर मागून आदळली होती. बामणोदकडची वांगी ती, हिरवीपांढरी, तुकतुकीत. पोती फाटून रस्ताभर घरंगळत गेलेली. कागदावर हा हायवे आता 53 नंबरचा झालाय, पण आमच्याकडे अजून त्याला ‘सहा नंबर’च म्हणतात. क्लीनर पोरगा केबिनमध्ये अडकला होता. त्याच्याशेजारी मी गुडघे टेकले तेव्हा गुडघ्याखाली एक वांगं फुटलं. तो फचकन झालेला आवाज मला आजही आठवतो. पोराचा चेहरा मात्र धड आठवत नाही.

पोरगा वाचला नाही. 108 ची गाडी आली, आम्ही चौघांनी त्याला उचलून दिलं, आणि साडेआठला मी माझं हार्डवेअरचं दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक दोन इंची खिळे मागत होतं. काय हवंय म्हणून मी त्याला तीनदा विचारलं. त्या हिवाळ्यात तीन ठिकाणी भरीत पार्टीचं बोलावणं होतं. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यावर भाजलेली वांगी, लाकडी बडगीत ठेचलेलं भरीत, कांद्याची पात, सोबत पुऱ्या. तिन्ही ठिकाणी गेलो आणि तिन्ही ठिकाणी घास घशाखाली उतरला नाही. धूर नाकात गेला की पोटात कालवायचं. माणसं म्हणाली, याला पित्त झालंय.

हा लेख त्या पित्ताबद्दल आहे.

अपघात, बुडणं, भाजणं, साप, विष अशा वेळी गाडी येईपर्यंत जे पोचतात, त्यांच्यासाठी तो लिहितोय. कोणी आपदा मित्र असतो, कोणी मंडळाचा कार्यकर्ता, कोणी हायवेवरचा ढाबेवाला. पट्टी कशी बांधायची, छाती कशी दाबायची हे शिबिरात शिकवतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या आपदा मित्र योजनेत तर 12 दिवसांचं प्रशिक्षण असतं. पण हे सगळं करून आल्यावर आपलं काय होतं, यावर फार तर शेवटच्या दिवशी जेवणानंतर अर्धा तास मिळतो. तेव्हा निम्मी पोरं पेंगत असतात.

ॲम्ब्युलन्सवरचा डॉक्टर आणि आपण यांच्यात मला दिसलेला मोठा फरक कौशल्याचा नाही. त्याची ड्यूटी संपते. तो गणवेश उतरवतो, रजिस्टर भरतो, पुढच्या माणसाच्या हाती चार्ज देतो, चहा पिताना सोबतच्याशी दोन वाक्यं बोलतो. म्हणजे त्याच्या प्रसंगाला शेवट असतो. आपल्याला दुकानातून, शेतातून, लग्नाच्या पंगतीतून उठवलेलं असतं आणि परत तिथेच जाऊन बसायचं असतं. आपल्या प्रसंगाला कोणी शेवट घालत नाही, तो आपल्यालाच घालावा लागतो. पुढे जे लिहिलंय ते मुख्यतः त्याबद्दल.

हात का कापतात

मेंदूला धोका जाणवला की तो विचार करत बसत नाही. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या ॲड्रेनलिन सोडतात. हृदय धावायला लागतं, श्वास वाढतो, रक्त कातडीतून आणि पोटातून मोठ्या स्नायूंकडे वळतं. म्हणून बोटं गार पडतात आणि तोंड सुकतं. नजर समोरच्या एका गोष्टीवर चिकटते, कडेचं दिसेनासं होतं. कान असून ऐकू येत नाही. ‘गाडी मागं घे’ म्हणून कोणी ओरडत असतं आणि आपल्याला पत्ता नसतो. पाच मिनिटं अर्ध्या तासासारखी वाटतात. ‘108 ची गाडी तासाभरानं आली’ म्हणून भांडणारा माणूस बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटलेलं असतं.

अशा अवस्थेत बारीक कामं बिघडतात. गॉजचं पाकीट फाडता येत नाही, ग्लोव्हज उलटे चढतात. म्हणून माझ्या पिशवीतल्या प्रत्येक पाकिटाला कडेला आधीच कात्रीनं बारीक खाच मारून ठेवलेली असते. घरी बसून केलेलं असलं बावळट वाटणारं काम ऐनवेळी उपयोगी पडतं.

खरी थरथर नंतर सुटते. गाडी निघून गेली, धूळ बसली की हात कापतात, मळमळतं, लघवीला लागतं, कोणाला हसू येतं, कोणाला रडू. ट्रॅक्टर बंद केला तरी इंजिन बराच वेळ तापलेलं असतं, तसंच हे. ॲड्रेनलिन काही मिनिटांत ओसरायला लागतं, पण त्यानं हलवून ठेवलेलं शरीर मागून हळूहळू जागेवर येतं. आमच्यातल्या एका नव्या पोराला अपघातानंतर हसू आवरेना आणि जमलेल्यांनी त्याला शिव्या घातल्या. तो परत आलाच नाही. त्याला त्याच दिवशी कोणीतरी हे सांगायला हवं होतं, आणि तो कोणीतरी मीच होतो. मी सांगितलं नाही.

शांत व्हायचा सोपा उपाय लांब उच्छ्वासाचा. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं आठदहा वेळा. श्वास सोडताना हृदयाला लगाम घालणारी व्हेगस नावाची नस जोर करते, म्हणून सोडणं घेण्यापेक्षा लांब ठेवायचं. त्यासाठी डोळे मिटून बसायला लागत नाही, स्ट्रेचर धरून चालतानाही जमतं.

पण एका माणसाला हा उपाय चालत नाही. रक्त बघून ज्याला चक्कर येते त्याला. यात हृदयाची गती आधी वाढते आणि मग रक्तदाब एकदम कोसळतो. मेंदूला रक्त कमी पडून माणूस पडतो. तालमीत जाणारा गडीसुद्धा आडवा होतो. हा गुण पुष्कळदा घराण्यात असतो, भित्रेपणाशी त्याचा संबंध नाही. अशा माणसाला ‘अंग सैल सोड’ म्हटलं तर दाब आणखी उतरेल. त्यानं उलट करायचं. हात, मांड्या आणि पोट 10 ते 15 सेकंद घट्ट आवळायचं, चेहऱ्यावर ऊब आली की 20-30 सेकंद सोडायचं, असं पाच वेळा. ही पद्धत स्वीडनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकात बसवली. आमच्या गटातला एक जण आजही अपघाताच्या जागी पोचायच्या आधी मोटारसायकलवर मागे बसून मांड्या आवळत येतो. आठ वर्षांत तो एकदाही पडलेला नाही.

वास आणि वस्तू

विहिरीतून चार दिवसांनी काढलेलं प्रेत, जळालेलं अंग, ओकारीत मिसळलेली दारू. यांचं वर्णन करण्यात अर्थ नाही, ज्यानं वास घेतलाय त्याला सांगायला नको. वासाची गोष्ट निराळी असते. बघितलेलं आणि ऐकलेलं मेंदूत आधी एका चौकीवरून जातं. वास ती चौकी टाळून थेट भीती आणि आठवण सांभाळणाऱ्या भागाशी पोचतो. म्हणून वर्षांनी तसलाच वास आला की तारीख आठवायच्या आधी अंगावर काटा येतो. काड्यांच्या धुरानं माझं तेच केलं होतं, मेंदूनं वांगं आणि पोरगा एका गाठीत बांधून ठेवले होते.

त्या वेळेपुरतं एवढंच ध्यानात ठेवा की नाक काही मिनिटांत त्या वासाला सरावतं. दर दोन मिनिटांनी बाहेर जाऊन मोकळी हवा घेऊन आलात, तर दरवेळी वास नव्यानं लागतो. तोंडानं श्वास घेत टिकून राहिलं तर बरं. नाकाखाली बाम लावायचा सल्ला सगळे देतात, मला तो पटत नाही. बामानं चोंदलेलं नाकही मोकळं झाल्यासारखं वाटतं आणि पुढे घरात कोणाला सर्दी झाली की बामाच्या वासानं विहीर आठवते. एक गाठ होती, तिच्या दोन होतात.

जखमेपेक्षा वस्तू जास्त छळतात, हे मला उशिरा कळलं. आणि हे माझंच निरीक्षण नाही. युद्धात मृतदेह हाताळणाऱ्या माणसांच्या अभ्यासातही हेच पुढे आलंय: मेलेल्याचं सामान, पत्रं, फोटो हाती आले आणि ‘हा आपल्या भावासारखा’ असं मनात आलं, की त्रास वाढतो. फाटलेलं पोट हे शेवटी पोट असतं. पण पिशवीत हळदीकुंकू लावलेल्या लग्नपत्रिका निघाल्या की तो माणूस होतो. म्हणून आम्ही कामं वाटून घेतलीत. जो शरीराला हात लावतो तो खिसे तपासत नाही. ओळख पटवणं, मोबाइल, पैसे हे दुसऱ्याकडे, तेही पोलिसांसमोर आणि मोठ्यानं मोजून. त्यामागे चोरीचा आळ टाळणं हे कारण आहेच, पण मनाचंही आहे. एकाच माणसावर दोन्ही ओझी नकोत.

गर्दी, शिव्या आणि ओळखीची माणसं

खरं सांगू का, रक्तापेक्षा मला माणसांचा त्रास जास्त झाला. मोबाइल उंच धरून उभी असलेली पोरं. ‘पाणी पाजा, पाणी पाजा’ म्हणून बेशुद्ध माणसाच्या तोंडात बाटली कोंबणारे. साप चावलेल्याला भगताकडेच न्यायचं म्हणून गाडीसमोर आडवे पडणारे नातेवाईक. आणि दारू पिऊन पडलेला, टाके घालायला नेतोय तर आईबहिणीवरून शिव्या देणारा पेशंट. त्याच्यावर चिडू नका असं मी म्हणणार नाही, कारण मीही चिडतो. पण डोक्याला मार लागलेला माणूससुद्धा दारुड्यासारखाच बरळतो, मारायला धावतो. साखर उतरलेला मधुमेहीही. हे मनात ठेवलं की शिवी थोडी कमी लागते.

गर्दीत जो सगळ्यात जास्त ओरडतोय त्यालाच काम द्यायचं. ‘आप्पा, तुम्ही इकडे या, हे उपरणं दोन्ही हातांनी धरून सावली करा, सोडू नका.’ मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या वर जातो, डांबरावर पडलेल्याची पाठ भाजते. सावली खरंच लागते. ओरडणारा माणूस बहुधा घाबरलेला असतो, हाताला काम मिळालं की त्याचा आवाज उतरतो. व्हिडिओवाल्यांना ‘शूटिंग बंद करा’ म्हटलं तर ते कधीच बंद करत नाहीत. ‘दादा, मोबाइलची बॅटरी इकडे मारा’ म्हटलं की शूटिंग आपोआप थांबतं. दिवसा मात्र ही युक्ती चालत नाही, तेव्हा चार माणसांची पाठ त्यांच्याकडे करून चादरीचा आडोसा करायचा.

ते व्हिडिओ नंतर ग्रुपवर येतात. ते बघू नका. 22 जानेवारी 2025 ला पाचोरा तालुक्यात परधाड्याजवळ आगीच्या अफवेनं पुष्पक एक्सप्रेसमधून माणसं खाली उतरली आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली सापडली. त्यानंतर ज्यांना झोप लागत नव्हती अशा माझ्या ओळखीच्या तिघांपैकी दोघे तिथे गेलेच नव्हते. ते फोनवर तेच तेच बघत बसले होते. 2013 च्या बॉस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटानंतर अमेरिकेत झालेल्या अभ्यासातही असंच दिसलं. दिवसाला सहा तास किंवा जास्त त्या बातम्या बघणाऱ्यांमध्ये तणावाची लक्षणं प्रत्यक्ष जागेवर असलेल्यांपेक्षाही अधिक होती. जागेवरच्या माणसाच्या डोळ्यांनी एकदाच बघितलेलं असतं.

पोलिसांच्या भीतीनं अजूनही माणसं मागे सरतात, म्हणून मध्येच कायद्याचं सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं कलम 134-अ आलं. अपघातग्रस्ताला चांगल्या हेतूनं, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही चूक झाली म्हणून दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचं की नाही हे तुमच्या इच्छेवर. हे छापून मी पिशवीच्या झाकणाला आतून चिकटवलंय. दोनदा दाखवावं लागलं.

मोठ्या शहरातल्या स्वयंसेवकाला न पडणारा एक प्रश्न आपल्याला पडतो. पेशंट ओळखीचा असतो. ज्याची छाती दाबली तो शाळासोबती असतो, आणि दहाव्याला त्याच्याच घरी जायचं असतं. तिथे त्याची आई विचारते, ‘तू व्हतास ना तठे? काय बोलना तो?’ यावर खोटं बोलू नये, आणि सगळं खरंही सांगू नये असं मला वाटतं. ‘मी जवळ होतो, एकटा नव्हता तो’ एवढं खरं असतं आणि पुरतं. मेल्याची बातमी रस्त्यावर आपण द्यायची नाही. मृत्यू जाहीर करणं डॉक्टरचं काम. घरच्यांनी विचारलं तर ‘हालत फार वाईट आहे, सिव्हिलला नेतोय, तुमच्यासोबत कोणालातरी घ्या’ असं सरळ सांगायचं. ‘काही नाही, किरकोळ लागलंय’ म्हटलेलं माणसं जन्मभर विसरत नाहीत.

छाती दाबूनही माणूस गेला तर

सिनेमात चार दाब दिले की माणूस खोकत उठून बसतो. खऱ्यात तसं क्वचितच होतं. जिथे सेवा फार चांगली आहे अशा देशांतही दवाखान्याबाहेर हृदय बंद पडलेल्या 10 जणांपैकी साधारण 1 जण जिवंत घरी जातो. मदतीविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. आता आपलं अंतर बघा. सातपुड्यातल्या पाड्यावर, चांदसैली घाटात, नाहीतर गिरणेकाठच्या मळ्यात फोन लागणं, गाडी निघणं, पोचणं. आपण दाब देतो मिनिटाला 100 ते 120, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. कधी हाताखाली बरगडी कट्कन मोडते. तो आवाज आणि ती जाणीव नव्या माणसाला हादरवते. त्याला वाटतं, आपणच मारलं. बरगड्या मोडणं यात नेहमीचं आहे. योग्य खोलीवर दाबलं तरी मोडतात. बरगडी जुळते, थांबलेलं हृदय आपोआप सुरू होत नाही.

त्यामुळे ‘वाचला का?’ हा प्रश्न स्वतःला विचारायचाच नाही असं मी ठरवलंय. त्याचं उत्तर बहुतेकदा आपल्या हाती नसतं. विचारायचे प्रश्न साधे असतात. फोन लगेच केला का? रक्त दाबलं का? दर दोन मिनिटांनी छाती दाबणारा माणूस बदलला का? यांतलं काही चुकलं असेल तर ते पुढच्या वेळी सुधारता येतं. ‘मी आंघोळ न करता निघालो असतो तर...’ हे सुधारता येत नाही. मेंदू मात्र या ‘तर’भोवतीच घाण्याच्या बैलासारखा फिरतो. दोष आपला मानला की निदान जग समजल्यासारखं वाटतं, म्हणून तो तसं करतो.

सगळ्यात अवघड प्रसंग मला फवारणीच्या औषधाचा वाटतो. कपाशीच्या पट्ट्यात तो येतोच. तोंडाला फेस, लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. इथे आधी स्वतःला जपायचं, कारण काही औषधं कातडीतूनही आत जातात. ग्लोव्हज घालायचे, त्याचे भिजलेले कपडे काढायचे, अंग पाण्यानं धुवायचं, तोंडाला तोंड लावून श्वास द्यायचा नाही, मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायची नाही, औषधाची बाटली सोबत दवाखान्यात पाठवायची. हे झालं शरीराचं. पण तो माणूस शुद्धीत असला तर म्हणतो, ‘कशाला वाचवता?’ याला उत्तर शोधू नका. कर्ज, भाव, पोरीचं लग्न यावर तिथे वाद घालायचा नसतो आणि ‘अरे, लेकरांचा विचार कर’ हेही नको, तो विचार त्यानं करूनच झालेला असतो. मी फक्त ‘मी इथंच आहे, दवाखान्यापर्यंत येतो’ म्हणतो आणि जातो. एकदा असा एक जण वाचला. नंतर बाजारात दिसला की तो मान फिरवायचा. मला त्याचा फार राग यायचा, मग कळलं की मला बघितलं की त्याला तो दिवस दिसतो. माझ्यासाठी जसं वांगं, तसा त्याच्यासाठी मी.

शेवट घालणं

लहानपणी मौतीवरून कोणी आलं की आमची माय दारातच अडवायची. ‘पह्यले आंग धोय, मंग घरमा ये.’ बाहेर बादलीभर पाणी, कडुनिंबाचा डहाळा, तोंडात टाकायला पाला. मला ती अंधश्रद्धा वाटायची. आता वाटतं, त्या बादलीत फार शहाणपण होतं. इथपर्यंत ते, इथून पुढे घर.

आमच्या गटानं तेवढंच पुन्हा सुरू केलं. प्रसंग झाला की कोणीही थेट घरी जात नाही. आधी हायवेवरच्या टपरीवर साबणानं हात, कोपरापर्यंत. मग चहा. मग एकच फेरी: प्रत्येकानं मी काय केलं ते एक-दोन वाक्यांत सांगायचं. काय वाटलं ते सांगायची सक्ती नाही. यामागे कारण आहे. अमेरिकेत 1983 मध्ये अग्निशामक आणि ॲम्ब्युलन्सवाल्यांसाठी एक पद्धत निघाली. घटनेनंतर लवकरात लवकर सगळ्यांना गोल बसवून बघितलेलं, वाटलेलं सगळं बोलायला लावायचं. ती जगभर पसरली. पुढे तपासणी झाली तेव्हा दिसलं की अशा एकाच बैठकीनं पुढचा मानसिक आजार टळत नाही. काही जणांना तर नको असताना उकरल्यामुळे त्रास वाढला. आता जागतिक आरोग्य संघटनेचं 2011 चं मार्गदर्शन साधं आहे. बघा कोणाला मदत लागतेय, बोलायचं असेल तर ऐका, आणि गरजेप्रमाणे योग्य माणसाशी जोडून द्या. ओढून काढू नका. ‘काय रे, बोल ना, मन मोकळं कर’ म्हणून पोराच्या मागे लागणारा माणूस चांगल्या मनाचा असतो, पण त्याला चहा आणायला पाठवावं.

चहानंतर पिशवी भरायची. किती गॉज संपले, ग्लोव्हज किती, कात्री धुतली का. हे मी स्वतःच्या हातांनी करतो, दुकानातल्या पोराला सांगत नाही. चेन ओढली की माझ्यापुरतं ते प्रकरण मिटतं. निदान त्या दिवसापुरतं.

एक गमतीशीर संशोधनही सांगतो. 2009 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी लोकांना अपघाताचे भीषण तुकडे दाखवले आणि अर्ध्या तासानं त्यांतल्या काहींना टेट्रिस खेळायला दिला, तोच वरून पडणारे ठोकळे जुळवायचा खेळ. पुढच्या आठवड्यात त्यांना ती दृश्यं अचानक डोळ्यांसमोर येण्याचं प्रमाण कमी राहिलं. पहिल्या काही तासांत आठवण अजून ओली असते. तेव्हा डोळ्यांना आकार जुळवायचं काम दिलं तर त्या चित्राला पक्कं बसायला जागा कमी मिळते, असा त्यांचा तर्क. मी टेट्रिस खेळत नाही. दुकानात नट-बोल्ट मिसळलेला एक डबा मुद्दाम ठेवलाय, तो ओततो आणि साइझप्रमाणे लावतो. यावर कोणी संशोधन केलेलं नाही, पण मला बरं वाटतं आणि डबाही लागतो.

दारूबद्दल मात्र कडक बोलतो. ‘आज एक क्वार्टर लागेलच’ हे वाक्य आमच्यातही यायचं. दारूनं झोप लागते, पण ज्या झोपेत मेंदू दिवसभराच्या आठवणी आवरून ठेवतो ती झोप तुटते. पहाटे तीनला जाग येते आणि तेच चित्र समोर असतं. त्यापेक्षा जेवा, जमत नसेल तर कळण्याची अर्धी भाकरी ताकाबरोबर, आणि झोपा. नाहीच लागली झोप तर उठून बसा, उद्या लागेल.

वाईट स्वप्नं, दचकणं, चिडचिड, त्या रस्त्यानं जायला नको वाटणं हे पहिले काही दिवस बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप कमी होतं. महिना उलटूनही तेच चालू असेल, काम-झोप-घर बिघडत असेल, किंवा सगळंच बधिर वाटत असेल, तर डॉक्टर गाठायचा. आणि मरायचे विचार येत असतील तर महिनाही थांबायचं नाही, त्याच दिवशी. ‘टेली-मानस’चा 14416 हा सरकारी नंबर ऑक्टोबर 2022 पासून आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत. यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. त्यांतल्या मुख्य उपचाराचं तत्त्व ऐकायला उलटं वाटतं. ज्याला टाळतोय त्याच्याजवळ, सुरक्षित जागी, थोडं थोडं जायचं. टाळलं की मेंदूला वाटतं, बरं झालं, धोका टळला. आणि गाठ आणखी घट्ट बसते.

मला हे एका मनोविकारतज्ज्ञानं सांगितलं, तेही दुसऱ्याच पेशंटला घेऊन गेलो होतो तेव्हा, जाता जाता. मी वांग्यांचं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, आधी बाजारात जाऊन नुसतं हातात घ्या. मी घेतलं, एक वांगं, आणि परत ठेवलं. भाजीवाल्या ताईनं माझ्याकडे विचित्र बघितलं. पुढच्या आठवड्यात अर्धा किलो आणली, बायकोनं भाजी केली, भाजली नाही. काड्यांच्या जाळाजवळ बसायला पुढचा हिवाळा लागला. त्या रात्री शेतात धूर माझ्याच बाजूला येत होता; मी जागा बदलली नाही. पहिले चार घास मातीसारखे लागले. पाचव्याला मिरची कडक लागली आणि मी ताक मागितलं.